बावीस हातांचा दोर

आमच्या पाटाला सरकारी अनुदान मिळालं त्या वर्षी माझे केस अजून काळे होते आणि मामंजींचा आवाज पाटाच्या मुखापासून पार खालच्या शेतापर्यंत पोचायचा. आता पाट दगडी आहे, पक्का आहे, त्यातून पाणी गुपचूप निघून जातं. तेव्हा ते गळत, बडबडत जायचं. मला त्या गळक्या पाटाची आठवण येते, पण हे मी कुणाला सांगत नाही. लोक म्हणतील, हिनेच तर अर्ज लिहिला होता.

पाट डोंगरातल्या ओढ्यातून निघायचा आणि उताराच्या कडेकडेने तीस घरांची शेतं पाजत खाली जायचा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याचे पाटकरी. कुणाच्या शेताचं दार कधी उघडायचं, कुणाची पाळी किती वेळ, कुठे काठ खचलाय, कुठे खेकड्याने भोक पाडलंय, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या आधी त्यांचे वडील हेच करायचे. आमच्या घरात घड्याळ होतं, पण जेवणं पाण्याच्या पाळीवर ठरायची. "वळणावरचं दार लावलं की आलोच," असं सांगून ते जायचे, आणि सासूबाई त्या अंदाजाने चूल पेटवायच्या. तो अंदाज कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

दर वर्षी लागवडीआधी पाट उपसायचा. मुखाजवळचा खडकाळ भाग सगळ्यांनी मिळून, आणि खालचा वाटून, दर घराला तीन दोर. दोर म्हणजे मामंजींच्या वडिलांनी स्वतः वळलेला बावीस हातांचा दोर. मोजणीच्या दिवशी उजाडताच मामंजी तो ओढ्यात बुडवून घ्यायचे. भिजलेला दोर सरळ पडतो, वाऱ्याने हलत नाही, असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. मग वरून सुरुवात. पहिला वाटा आमचा, कारण आमचं शेत वरचं, आणि मोजत मोजत दुपार टळता टळता सगळ्यात खाली, शेवटच्या काकूंच्या बांधावर. काकूंचं शेत आणि घर अगदी टोकाला, म्हणून त्या शेवटच्या काकू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हातात फावडं घेऊन एकट्या वाटा उपसायच्या आणि कुणी मदतीला गेलं तर हाकलून द्यायच्या.

दोराने वाटा पडला की वाद नाही. भाऊ भावाशी बोलत नसायचे, पण दोराची गाठ जिथे पडली तिथे दोघेही मुकाट्याने फावडं टेकवायचे. मामंजींना याचा फार अभिमान. "आजवर एकाने बोट दाखवलं नाही," म्हणायचे, आणि खरंच दाखवलं नव्हतं.

त्या साली पावसाने पाट तीन ठिकाणी फोडला. आम्ही माती भरली, ती वाहून गेली. पोती लावली, ती कुजली. वरून सोडलेलं पाणी अर्ध्या वाटेत जिरायचं. काकूंच्या मक्याने माना टाकल्या. त्या पाळीच्या दिवशी कोरड्या पाटात दगडावर बसून राहायच्या आणि बोटभर ओल दिसली की उठून उभ्या राहायच्या. खालची सात-आठ घरं शेतं सोडून शहराकडे जायची भाषा करू लागली.

अनुदानाची बातमी वकिलाने आणली. हा काही खरा वकील नव्हे. कोर्टाची पायरी त्याने कधी चढली नव्हती, पण कुठल्याही गोष्टीत तीन मुद्दे काढायचा म्हणून वकील. जुन्या पाटांच्या दुरुस्तीला सरकार पैसे देतंय, साहित्याचा खर्च त्यांचा, अंगमेहनत आपली, समिती करावी लागेल आणि तीत दोन बायका हव्यात. बायका म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण सुनांमध्ये शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली मी एकटीच होते. दुसरी बाई म्हणून काकूंचं नाव घातलं. वकील अध्यक्ष झाला, गवंडी साहित्य बघणार, आणि मी चिटणीस. मामंजी कशातच नव्हते. "मला कशाला समिती? मी पाटकरी आहे," ते म्हणाले.

अर्ज चौदा पानांचा होता. आमच्या ओसरीवर बसून तो भरला ते दिवस आठवले की अजून हसू येतं. मी प्रश्न वाचायची, मामंजी पडवीतून उत्तर द्यायचे.

"प्रकल्पाचं उद्दिष्ट?"

"पाणी."

"एवढंच नाही चालणार मामंजी, अर्धं पान जागा सोडलीय."

"मग मोठ्या अक्षरात लिही."

"संभाव्य अडचणी आणि त्यावरचे उपाय?"

"अडचण म्हणजे वकील. उपाय नाही."

हे, म्हणजे माझा नवरा, कोपऱ्यात फावड्याला दांडा बसवत होते. ते इतके हसले की हातोडी बोटावर बसली. वकील समोरच होता. त्याने ती अडचण आनंदाने मान्य केली.

कामाआधीचा फोटो मागितला होता. शहरातून फोटोवाला आणला, तर सगळं गाव चांगले कपडे घालून, केस चापूनचोपून फुटक्या पाटासमोर उभं. फोटो परत आला. वर शेरा होता, माणसं छान आली आहेत, पाट दिसत नाही. दुसऱ्यांदा पाटाचा फोटो काढला तेव्हाही कडेला गवंड्याचा नवा बूट आलाच.

लांबीचा रकाना तेवढा मामंजींनी मन लावून भरवला. अख्खा पाट, मुखापासून टोकापर्यंत, आजवर कुणी सलग मोजलाच नव्हता. दिवसभर झिमझिम पाऊस होता. ते आणि हे दोघे भिजत मोजून आले. एकशे दहा दोर. मी घरात वाळलेला दोर शिंपिणीच्या टेपने मोजून ठेवला होता, तो बरोबर दहा मीटर भरला होता. अकराशे मीटर. गुणाकार इतका सोपा की मला बरं वाटलं होतं.

अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मामंजींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा नुसतं हातात धरून बसले.

मग खरं काम सुरू झालं. पहिली अडचण होती ती पाण्याची. पाट बंद ठेवला तर कांदे मरणार, आणि चालू ठेवला तर बांधकाम कसं करायचं? मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा मारल्या. चार दिवस काम, तीन दिवस पाणी. एका वेळी निम्माच पाट उकरायचा, आणि तेवढ्याला बाजूने तात्पुरती चर. कुठल्या घराची माणसं कुठल्या दिवशी, दगड कधी, वाळू कधी, कोण सुट्टी मागेल आणि त्याच्या जागी कोण येईल. मामंजी त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वळणावरच्या घरांना सोमवार देऊ नकोस. सोमवारी त्यांची पाळी असते." मी खोडलं. असं आम्ही दोघांनी ते कॅलेंडर सहा वेळा खोडलं आणि सातव्यांदा भिंतीवर टांगलं. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती असं कुणी विचारलं, तर मुलं सोडली तर ते कॅलेंडर.

काम म्हणजे काम होतं. सिमेंटने बोटांची सालं निघायची, घामाने ती चरचरायची. दगड उचलून उचलून बायकांचे दंड पुरुषांसारखे झाले. वकीलसुद्धा दगड उचलायचा, फक्त प्रत्येक दगडामागे एक मुद्दा असायचा. मामंजींचा डावा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. वाकायचं झालं की ते आधी फावड्यावर भार टाकायचे, मग दात आवळून खाली बसायचे. उठताना मी हात पुढे केला तर म्हणायचे, "ते हजेरीपुस्तक धर, पडेल." संध्याकाळी पाटाच्या काठाने सगळे रांगेने घरी निघायचे, अंगावर पांढरी धूळ, आणि बोलण्याचं त्राण नसताना बोलत असायचे. तशी रांग मी नंतर कधी पाहिली नाही.

निम्मं काम झाल्यावर तपासणीचे साहेब आले. तरुण होते, नीट बोलणारे. काम बघून खूश झाले. मग त्यांनी पिशवीतून लोखंडी टेप काढली. ते आणि त्यांचा माणूस मुखापासून मोजत खाली गेले, आम्ही सगळे मागे. टोकाला पोचल्यावर त्यांनी वहीत बघितलं, पुन्हा बेरीज केली.

"ताई, अर्जात अकराशे आहेत. हे एक हजार पंचवीस भरतात."

त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

"पंचाहत्तर मीटर जास्त दाखवलेत. लांबी फुगवून साहित्य मागितलं असं होतं हे." साहेबांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "मला पुढचा हप्ता थांबवावा लागेल. आठ दिवसांत लेखी खुलासा द्या. पटला नाही तर काम इथेच बंद होईल."

वरचा निम्मा पाट पक्का झाला होता. खालचा निम्मा उकरून ठेवला होता, आणि लागवडीला दीड महिना उरला होता. काम बंद म्हणजे खालच्या पंधरा घरांना आता त्या तात्पुरत्या चरीशिवाय मातीचाही पाट नव्हता. काकू उकरलेल्या पाटाकडे बघत उभ्या होत्या.

"माझा दोर चुकत नाही," मामंजी म्हणाले. तेवढंच म्हणाले आणि लंगडत घराकडे निघाले.

वकिलाने त्याच दिवशी तीन मुद्दे काढले. एक, पुरात तुकडा वाहून गेला असं लिहू. दोन, त्याच्या शेतात जाणारी चारी पाटातच धरू, तेवढी लांबी भरते. तिसरा मुद्दा मी ऐकून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामंजी दोर ओढ्यात बुडवून एकटेच मोजायला गेले. ढगाळ दिवस होता. नऊ-साडेनऊला परत आले ते छाती पुढे काढून. "एकशे नऊ! एखादा दोर इकडेतिकडे चालायचाच. टेप खोटी आहे त्यांची." दोर भिंतीवर फेकून ते अंघोळीला गेले. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली.

मला मात्र चैन पडेना. लोखंडी टेप खोटी कशी असेल? दोन दिवसांनी कडक ऊन पडलं होतं, दोर भिंतीवर तसाच होता. दुपारी मामंजी आडवे झाल्यावर ह्यांना म्हटलं, चला. आम्ही दोघांनी त्याच दोराने पाट मोजला. एकशे अडीच.

घरी आलो तेव्हा मामंजी अंगणात बसले होते. मी काही न बोलता वाळका दोर अंगणात पसरला, दोन्ही टोकांशी खडे ठेवले. मग दोर उचलून पाण्याच्या पिंपात बुडवला, चांगला भिजू दिला आणि पुन्हा त्याच जागी पसरला. एक टोक खड्याला लावलं. दुसरं टोक दुसऱ्या खड्यापर्यंत पोचेना. दीड हात कमी पडत होता.

"भिजला की आखडतो, मामंजी. अर्जासाठी मोजलं तेव्हा दिवसभर पाऊस होता. परवा तुम्ही बुडवून नेलात. म्हणून दोरांची संख्या जास्त भरली. आपण फसवलं नाही, एवढंच लिहायचं." मला सुटल्यासारखं झालं होतं. खुलासा सापडला होता.

मामंजी त्या दीड हाताच्या जागेकडे बघत होते. बघता बघता त्यांचा चेहरा पडला.

"सूनबाई," ते म्हणाले, "मोजणीच्या दिवशी आपला वाटा केव्हा मोजतो मी?"

"सकाळी. सगळ्यांत आधी."

"ओल्या दोराने." काकूंना ते वहिनी म्हणायचे. "आणि वहिनींचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुपारपर्यंत दोर उन्हाने खडखडीत वाळलेला असायचा. आमचे तीन दोर आखूड, काकूंचे तीन दोर पुरे. दर वर्षी साडेचार हात. मामंजींच्या हातून चाळीस वर्षं, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांची किती कोण जाणे. ह्यांनी मान खाली घातली. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

"लोक म्हणतील, पाटकऱ्याने स्वतःचा वाटा मारला," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "दोराचं कुणाला कळायचं कारण नाही. माझी बेरीज चुकली असं लिहिते. चिटणिसाची चूक, लांबी दुरुस्त करून घ्यावी, जादा साहित्य नको. साहेब ऐकतील."

त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू? पण ते म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. स्वच्छ अक्षरात, तारीख घालून. सासरे माझे होते, राग कुणावर काढणार? सगळ्यांना ऐकू जाईल असा चांगला आपटून तवा घासला.

आठव्या दिवशी साहेब आले. उकरलेल्या पाटाच्या काठावर तीसही घरांची माणसं जमली होती. साहेबांनी माझं पत्र मोठ्याने वाचलं. वाचून होताच वकील म्हणाला, "घ्या! शिकलेल्या सुनेला दहाने गुणता येत नाही म्हणजे आपलं कठीणच आहे." सगळे हसले. हसले म्हणजे दुष्टपणाने नव्हे, आठ दिवस घाबरलेली माणसं होती ती. पण माझे कान तापले. साहेब म्हणाले, "ठीक आहे. मात्र हिशेब पुढे दुसऱ्या कुणाकडे द्या, ताई. मला तसा शेरा मारावा लागेल." मी मान हलवली. हजेरीपुस्तक काखेतून काढून वकिलाच्या हातात द्यायला पुढे केलं.

"थांबा साहेब."

मामंजी पाटात उतरत होते. गुडघा वाकेना, तेव्हा काठावर बसून घसरत उतरले. खांद्यावर दोर होता. सकाळी घरातून निघताना मी तो पाहिला नव्हता. "तिची बेरीज बरोबर आहे. मी मोजून दिलं ते चुकलं," ते म्हणाले. ह्यांनी पळत जाऊन घागरभर पाणी आणलं, आणि आमच्या अंगणात मी केलं होतं तेच मामंजींनी सगळ्यांसमोर केलं. आधी कोरडा, मग ओला. उकिडवे बसून, ओणवं होऊन, माती लागलेल्या हातांनी. टोक कमी पडलं तिथे त्यांनी हात टेकला.

साहेब वाकून बघत होते. त्यांना गंमत वाटली होती, हे दिसत होतं. पण गावाला गंमत वाटली नव्हती. गाव मनात हिशेब करत होतं.

वकिलाला तो सगळ्यात आधी जमला. "म्हणजे पाटकरी, तुमचा वाटा दर साली..." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने वाक्य अर्धं सोडलं.

"हो," मामंजी म्हणाले. "वरच्यांचा कमी, खालच्यांचा जास्त. माझा सगळ्यांत कमी. वहिनींचा सगळ्यांत जास्त. मला माहीत नव्हतं. पण दोर माझा होता."

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी फावडं जमिनीत रोवलं होतं, दोन्ही हात त्यावर होते.

"आमचे हे म्हणायचे," त्या हळूच म्हणाल्या, "आपला वाटा लांब वाटतो गं. दर वर्षी म्हणायचे. मी त्यांना आळशी म्हणायचे." त्यांनी मामंजींकडे पाहिलं. "मरेपर्यंत आळशी म्हटलं मी त्यांना, पाटकरी."

त्यांनी फावडं उचललं आणि आपल्या शेताकडे निघून गेल्या. मामंजी पाटातच बसून राहिले.

साहेबांनी मात्र त्या दिवशी आम्हाला तारलं. पाटाच्या पक्क्या भिंतीवर कागद ठेवून मी खरा खुलासा लिहिला, त्याखाली तीस सह्या आणि अंगठे घेतले. साहेब म्हणाले, "असं कारण आमच्या कचेरीत आजवर कुणी दिलं नसेल." हप्ता सुटला. वाचलेल्या साहित्याचं काय करायचं, असा प्रश्न आला, कारण ते परत करायचं किंवा सुधारित आराखडा द्यायचा असा नियम होता. मी रेघा मारल्या, गवंड्याने माप सांगितलं, आणि पाटाच्या टोकाला एक छोटा हौद मंजूर करून घेतला. पाळी चुकली तरी खालच्यांना दोन दिवस पुरेल एवढा. हजेरीपुस्तक माझ्याकडेच राहिलं. वकिलाने ते स्वतः माझ्या हातात ठेवलं आणि एकही मुद्दा काढला नाही.

काकू आमच्याशी बोलेनात. मामंजी दुसऱ्या दिवसापासून रोज टोकाला जाऊ लागले. आमच्या घराच्या हजेरीचं काम दुसरीकडे असायचं ते ह्यांनी उचललं, आणि मामंजी काकूंच्या बाजूचे दगड लावायला लागले. संध्याकाळी मला म्हणाले, "हजेरी वहिनींच्या नावावर लिही."

"तसं नाही लिहिता येत मामंजी. ज्याने काम केलं त्याचंच नाव लागतं."

"मग माझं लिही. पण काम तिकडचं लिही."

मी तसं लिहिलं. काकू दहा हात अंतरावर आपला दगड लावायच्या, मामंजी आपला. बोलणं नाही. मी चहा घेऊन जायची तर काकू पाठ फिरवून आपल्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. तीन आठवडे असं चाललं. एक दिवस मला जायला उशीर झाला. पळत पळत गेले तर हौदाच्या अर्ध्या भिंतीवर दोन कप ठेवलेले. काकूंनी घरून आणले होते. दोघं दोन टोकांना बसून पीत होते आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मी माझी किटली घेऊन तशीच मागे फिरले.

लागवडीच्या आधी नऊ दिवस काम संपलं. कॅलेंडरवर ठरवलं होतं त्याच्या दोन दिवस आधी, हे मी आजही सांगते. पाणी सोडलं तेव्हा सगळे पाण्याबरोबर काठाने चालत खाली गेलो. पूर्वी टोकाला पोचायला पाण्याला तीन तास लागायचे, कधी पोचायचंच नाही. त्या दिवशी आम्हाला पळावं लागलं. हौदात पहिली धार पडली तेव्हा काकू हौदात उतरून उभ्याच राहिल्या, घोटे बुडेपर्यंत.

समारोपाचा कागद भरायला साहेब आले. फोटो काढला, त्यात या वेळी पाट दिसला. शेवटचा रकाना होता, देखभाल कोण करणार. त्यात एक नाव हवं होतं, आणि ते गावाने द्यायचं होतं. मामंजी म्हणाले, "माझं नको. नवा माणूस घाला." ते हसत बोलले, पण मी त्यांचे हात बघत होते. दोन्ही हातांनी गुडघा घट्ट धरला होता. पाटकरी नसलेले मामंजी सकाळी उठून काय करतील?

"त्यांचंच लिहा," काकू म्हणाल्या.

साहेबांनी वर पाहिलं.

"त्यांचंच लिहा. फक्त मोजायला सुरुवात माझ्याकडून करायची. आणि मी बाहेर आल्यावर."

वकिलाने अनुमोदन दिलं. साहेबांनी नाव लिहिलं. मामंजी उठून काठाने चालू लागले, बरेच पुढे गेले, आणि पाठमोरेच डोळे पुसत राहिले.

गाळ दगडी पाटातही साचायचा, वाटे पाडावेच लागायचे. मोजणीला आता टेप होती, तिला ऊन-पाणी काही होत नव्हतं. वरून मोजलं काय आणि खालून मोजलं काय, फरक पडणार नव्हता. तरी दर वर्षी मोजणीच्या दिवशी मामंजी अंधुक उजेडातच निघायचे आणि अख्खा पाट उतरून टोकाला जायचे. गुडघ्यामुळे त्यांना तास-सव्वातास लागायचा. आम्ही बाकीचे मागून जायचो. पोचेपर्यंत ते काकूंच्या बांधावर बसलेले असायचे, आणि काकू दार उघडून म्हणायच्या, "आलात का?" मग मोजणी सुरू व्हायची. अकरा वर्षं असं झालं. अकराव्या वर्षी टेपचं टोक ह्यांनी धरलं आणि मामंजी नुसते सोबत चालले.

पुढच्या वर्षी मामंजी नव्हते. त्या सकाळी आम्ही सगळे टोकाला जमलो, वकील होता, गवंड्याचा मुलगा होता. टेप ह्यांच्या हातात होती. काकू फार थकल्या होत्या, अलीकडे त्यांच्या लक्षात काही राहत नसे. त्या दार उघडून बाहेर आल्या, हौदाला हात लावून उभ्या राहिल्या आणि पाटाच्या काठाने वर बघू लागल्या. हे टेपचं टोक खाली ठेवायला वाकले, तशी त्यांनी हाताने थांबवलं.

"थांबा जरा. गुडघा आहे त्यांचा, यायला वेळ लागतो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप त्यांच्या हातातून घेतली आणि गुंडाळली. मग आम्ही सगळे बांधावर बसलो.